नवरा हाच जिचा पत्ता

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. त्यांच्याकडे तीन वर्षांपासून धुण्या-भांड्याला येणारी बाई बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातली. दिघ्याला भाड्याच्या खोलीत राहते, नवरा रंगकामाच्या ठेकेदाराकडे. सहा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी. मार पहिल्यापासूनच आहे, पण गेल्या महिन्यात ती हात सुजवून आली आणि पहिल्यांदाच बोलली, "दीदी, मैं कहाँ जाऊँ?" आधार, पासबुक, सगळं नवऱ्याच्या पेटीत. ताईंचे प्रश्न चार. पोलिसांत जायचं का? तिला गावी पाठवायचं का? काही दिवस आपल्याच घरी ठेवून घ्यायचं का? आणि लग्न बिहारात झालेलं असताना इथला कायदा तिला लागू होतो का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे. होतो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे बाई जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जिथे कामधंदा करते, जिथे नवरा राहतो किंवा जिथे मारहाण झाली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. लग्न कुठल्या मांडवात लागलं याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. इथे निघालेला आदेश भारतभर चालतो. लग्नाचं सर्टिफिकेट नसलं म्हणूनही अडत नाही. लग्नातला फोटो, मुलांच्या जन्मदाखल्यावरची आईबापांची नावं, रेशनकार्ड यावर काम भागतं. आणि कायद्यातला शब्द आहे 'कोणतीही स्त्री'. कुठल्या राज्यातली, हे तो विचारत नाही.

कायद्यापाशी घोडं फारसं अडत नाही. ते अडतं पत्त्यापाशी.

बावीस वर्षं मी ठाणे आणि नवी मुंबईत समुपदेशनाचं काम करते आहे. सुरुवातीला वाटायचं, इथली बाई काय नि बाहेरून आलेली काय, मार तो मार. फरक कळायला तीन-चार वर्षं गेली. ठाण्यातल्या कोपरीतली किंवा चेंदणीतली बाई मार खाऊन घराबाहेर पडली तर मावशीकडे जाते, बचतगटातल्या मैत्रिणीकडे जाते, निदान देवळाच्या पायरीवर बसते आणि कोणीतरी येऊन विचारतं. तुमच्या बाईच्या चाळीत बारा खोल्या असतील तर त्यातल्या आठ-नऊ नवऱ्याच्या गावच्या असायच्या. खोली ठेकेदाराने मिळवून दिलेली, ठेकेदार नवऱ्याचा लांबचा भाऊ. गावी पैसे जातात ते दिराच्या खात्यात. आधारवर सासरचा पत्ता, सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर. म्हणजे या शहरात ती कोण, हे सांगणारा माणूस एकच, आणि तोच तिला मारतो. पोलीस पत्ता विचारतात, दवाखाना विचारतो, शाळा विचारते, बँक विचारते, कोर्टाचा बेलीफ विचारतो. तिला सांगता येतो तो एकच पत्ता, आणि तिथूनच तर तिला निघायचं असतं.

यात मराठवाड्यातून आलेल्याही धरा. जालन्याहून येऊन तुर्भ्याच्या नाक्यावर मजुरीसाठी उभी राहणारी बाई या बाबतीत मधुबनीवालीपेक्षा फार वेगळी नसते. पोलीस ठाण्यात तिची भाषा अडत नाही, एवढाच फरक.

तेव्हा तुमचं काम तिला सोडवणं हे नाही. ते तिचं ती करेल. तिला दुसरा पत्ता मिळेपर्यंतचा काळ निभावून नेणं, हे तुमचं काम. हा काळ कधी पंधरा दिवसांचा असतो, कधी दीड वर्षाचा.

आता मीच तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. तिचा पगार तुम्ही कोणाच्या नंबरवर पाठवता? हा प्रश्न विचारला की समोरची बाई बहुतेक वेळा गप्प होते. कामवालीकडे साधा फोन, नवऱ्याकडे टचवाला, म्हणून पहिल्या महिन्यात "दीदी, उनके नंबर पे डाल दो" असं तीच म्हणते आणि मग तीन वर्षं तसंच चालू राहतं. कायद्याच्या ३ ऱ्या कलमात मारहाण, लैंगिक हिंसा, शिवीगाळ-मानसिक छळ यांच्या जोडीला आर्थिक हिंसाही आहे. बाईची कमाई काढून घेणं त्यातच मोडतं. पण म्हणून पुढच्या एक तारखेला एकदम सगळा पगार तिच्या हातात देऊ नका. त्या रात्री तो तिला फोडून काढेल. मी बायकांना सांगते, वाढवलेले पाचशे, दिवाळीचा बोनस, पाहुणे आले तेव्हाच्या जादा भांड्यांचे पैसे, हे वेगळं ठेवा. जुना आकडा जुन्या नंबरवर जाऊ दे. तेवढ्यात तिच्या नावाचं सिम आणि तिच्या नावाचं खातं उघडून होतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत आधार नंबर आणि अंगठ्यावर खातं निघतं, गर्दीही कमी. सिम तुमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या डब्यात राहू दे.

पण आधारच पेटीत आहे ना? कार्ड पेटीत आहे, बोटं तिच्याकडेच आहेत. आधार केंद्रात जाऊन अंगठा दिला की तिचा नवा नंबर जोडता येतो, आणि नंबर जोडला की छापील प्रत पुन्हा काढता येते. केंद्रात फार तर अर्धा दिवस जातो. आधार नंबर पाठ नसेल तर मुलाच्या शाळेत, अंगणवाडीत, गावच्या रेशनकार्डाच्या फोटोत कुठेतरी मिळतो. तोही नसेल तर केंद्रातच बोटांवरून शोधायची सोय आहे. मुलं इथल्या पालिकेच्या दवाखान्यात जन्मली असतील तर जन्मदाखल्याची दुसरी प्रत पालिकेतून मिळते. लसीकरणाचं कार्ड, शाळेचं बोनाफाईड, तिच्या दुखापतीचे जुने केसपेपर, लग्नातला एखादा फोटो, जे हाती लागेल त्याचा फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. नवऱ्याच्या पेटीला हात लावायला सांगू नका. एका बाईने पेटी उघडली आणि तो दारात उभा. ती बाई पुढे तीन आठवडे आमच्याकडे आली नाही, आली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. कागद पुन्हा काढता येतात, हे तिला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. 'कोणी' म्हणजे मीच. माझ्याकडून राहिलं होतं.

केव्हा थांबून चालत नाही, तेही सांगते. तिला एकटीला विचारा: त्याने कधी गळा दाबला का? चाकू, रॉकेल, दोरी हातात घेऊन धमकावलं का? ती गरोदर आहे का? "मुलांना घेऊन मरतो" असं म्हणतो का? यातलं एकाला जरी हो आलं, तर वरचं खात्याचं आणि सिमचं सगळं बाजूला ठेवा. गळा दाबणं मी सगळ्यात गंभीर धरते, कारण पुढच्या जीवघेण्या हल्ल्याशी त्याचा संबंध अभ्यासांतून वारंवार दिसला आहे. वर वळ दिसत नाही म्हणून घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते सोडून देतात. बाई जायला निघाली किंवा जाणार याचा त्याला वास लागला, तो काळ सगळ्यात धोक्याचा. अशा वेळी ११२ लावायचा, विचार करत बसायचं नाही. तातडी नसेल आणि सल्ला हवा असेल तर १८१, महिलांची हेल्पलाइन, चोवीस तास. तिथे हिंदी चालते. तिने स्वतः बोलणं उत्तम.

सुजलेल्या हाताचं काय केलं तुम्ही? हळद लावली असेल, क्रोसिन दिली असेल. चुकलं नाही, पण पुढच्या वेळी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात न्या, खाजगीत नको. डॉक्टर विचारतात, कसं लागलं. आमच्या बायका म्हणतात, "बाथरूममें फिसल गई." आणि केसपेपरवर तेच उतरतं. सहा महिन्यांनी कोर्टात तो कागद तिच्याच विरुद्ध उभा राहतो. तिने "नवऱ्याने काठीने मारलं" एवढं एक वाक्य सांगितलं आणि ते पेपरवर आलं, तर त्या दिवशी तक्रार केली नाही तरी चालतं. पुरावा तयार झाला. रुग्णालयातच अशा बायका ओळखून त्यांना आधार द्यायचं 'दिलासा' केंद्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालं, ते याच अनुभवातून: मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईलच असं नाही, दवाखान्यात मात्र कधी ना कधी येतेच.

पोलीस. याचं उत्तर तुम्हाला 'हो' किंवा 'नाही' असं हवं असणार, पण मी आधी तिला विचारते की तक्रारीनंतरची रात्र ती कुठे झोपणार. नवरा-बायकोचं भांडण म्हणून ठाण्यात बरेचदा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली जाते, नवऱ्याला बोलावून दम दिला जातो, आणि तासाभरात तो तिच्या आधी खोलीवर पोचलेला असतो. रात्रीची सोय झाल्याशिवाय ठाण्याची पायरी चढू नये, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना ते पटत नाही; त्यांचं म्हणणं, नोंद जितकी लवकर तितकी बरी. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. जीवाला धोका असेल तर अर्थात हा वादच उरत नाही.

जायचं ठरलं तर काही गोष्टी पक्क्या ठेवा. नवऱ्याने-सासरच्यांनी केलेल्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आलं आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र गुन्हा. "ही आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही, हद्द कुठलीही असो गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावा लागतो. आपल्या पट्ट्यात हे माहीत असलेलं बरं, कारण इथे हद्दी म्हणजे भूलभुलैया आहे. दिघा नवी मुंबई पालिकेत आणि नवी मुंबई पोलिसांकडे. त्याला लागून असलेला विटावा ठाणे पालिकेत आणि ठाणे पोलिसांकडे. खारघर-कामोठे नवी मुंबई पोलिसांकडे, पण जिल्हा रायगड, म्हणजे तिथल्या बाईचा संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण वेगळं. मार विटाव्यात आणि माहेरची बहीण कामोठ्यात, अशी बाई तीन खिडक्या फिरून येते. तिच्यासोबत कोणीतरी बाईमाणूस असावं, आणि त्या बाईमाणसाने आवाज न चढवता "साहेब, झिरोने घ्या" एवढंच म्हणत राहावं.

जबाब मराठीत लिहिला जातो. मधुबनीची बाई मैथिली बोलते, हिंदी जेमतेम. तिला "तो पैशासाठी मारतो" म्हणायचं असतं, कागदावर "किरकोळ कारणावरून वाद" येतं आणि ती अंगठा देते. सही करण्याआधी हिंदीत वाचून दाखवायला सांगा. एफआयआरची प्रत तिला फुकट मिळते, तो तिचा हक्क आहे. ती प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

पोलिसांखेरीज दुसरी वाट आहे आणि तुमच्या बाईसाठी मला तीच बरी वाटते: संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाचा हा अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरतो आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतो. यात नवऱ्याला लगेच अटक नाही, आणि बऱ्याच बायकांना तेच हवं असतं. "उसको जेल नहीं भेजना, बस मारे नहीं," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! नवरा आत गेला तर गावाकडचे, ठेकेदार, खोलीमालक, सगळे तिच्यावर उलटणार हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. हा अहवाल भरला जावा म्हणून तुम्हीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता. २००५ च्याच कायद्याच्या ४ थ्या कलमाने चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. फक्त तिला न विचारता कळवू नका. पोलीस ठाण्यांमधून महिला व मुलांसाठी विशेष कक्षही चालतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं. पोलिसाच्या खुर्चीत नव्हे, शेजारच्या टेबलाशी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई बसलेली असते, हा फरक मोठा आहे.

अर्जात काय मागायचं? मारहाण थांबवण्याचा आदेश, राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, तिच्या स्त्रीधनाची परतफेड, नुकसानभरपाई. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा. बेलापूरच्या किंवा ठाण्याच्या कोर्टात साठ दिवसांत निकाल मी क्वचित पाहिला, म्हणून २३ व्या कलमाखाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायचा. तो प्रतिज्ञापत्रावर, नवरा हजर नसतानाही मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाचा खर्च नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००.

राहण्याच्या हक्काबद्दल थोडं सविस्तर. भाड्याची खोलीसुद्धा कायद्याने 'सामायिक घर' आहे, तिथून तिला हाकलता येत नाही, उलट नवऱ्यालाच बाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो. सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सून राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. ऐकायला छान. पण ज्या चाळीत खोली ठेकेदाराची, पाण्याचा नळ नवऱ्याच्या मावसभावाच्या दारात, तिथे आदेश घेऊन बाई आठ दिवस टिकत नाही. संडासला जाताना चार जण थुंकतात. अशा बाईसाठी मी खोली मागत नाही, खोलीचं भाडं मागते. तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं नवऱ्याने द्यावं, असा आदेश त्याच १९ व्या कलमात बसतो. रंगारी तो भाडं भरेल का? भरला तर भरला. नाक्यावरच्या माणसाकडून वसुली अवघड असते आणि समन्स निघालं की तो सुरतेला नाहीतर गावी पळतो. म्हणून आत्तापासूनच त्याच्या ठेकेदाराचं नाव, चालू साईटचं ठिकाण, गावची पंचायत, भावाचा नंबर, त्याचा स्पष्ट फोटो एवढं तिच्याकडून हळूहळू लिहून घ्या.

तुमच्या घरी ठेवायचं का? नको. मन मोठं आहे तुमचं, पण तो सगळ्यात आधी तिथेच येणार. तिच्या कामाची घरं त्याला माहीत आहेत. गेटवर येऊन तमाशा करेल, वॉचमन कमिटीला कळवेल, कमिटी तुम्हाला पत्र देईल आणि त्या गडबडीत तिचं कामही जाईल. "माझी बायको पळवली" अशी धमकीही देईल. त्या धमकीला घाबरू नका, सज्ञान बाई तिच्या मर्जीने कुठेही राहू शकते. पण एक रात्र काढायची वेळ आलीच तर जिथे ती कामाला जात नाही अशा घरी, तुमच्या बहिणीकडे वगैरे, ठेवा.

मग कुठे? सखी वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना १ एप्रिल २०१५ पासून आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एका छताखाली आणि पाच दिवसांपर्यंत राहायची सोय. पुढे जास्त दिवस राहायला शक्ती सदन, ज्याला जुने लोक अजून स्वाधारगृह म्हणतात. सहा वर्षांचा मुलगा सोबत ठेवता येतो, मात्र दहा-बाराच्या पुढचा मुलगा असेल तर अडतं, आईला इथे आणि पोराला बालगृहात अशी वेळ येते. आधी फोन करून विचारा. आणि निवारागृह म्हणजे काय हे तिला खरं सांगा. बाहेर जायला परवानगी लागते, फोन काढून घेतला जाऊ शकतो, जेवण आपल्या पद्धतीचं, रोज भात खाणारीला चपात्या. चार घरची कामं सुटतात ती सुटतातच. जीवाची भीती असलेल्या बाईला हे सगळं परवडतं. तुमच्या बाईची स्थिती तशी नसेल तर मी तिसरं सुचवेन.

तिच्यासारखीच एखादी कमावती, एकटी बाई शोधा आणि दोघींची मिळून खोली करा. नवऱ्याच्या नाक्यापासून लांब, पण तिच्या कामापासून एका गाडीवर. ठाण्याहून नवी मुंबईत जाणाऱ्या लोकलच्या ट्रान्स-हार्बर लाइनमुळे आपल्याकडे हे जमतं: दिघा सोडून कोपरखैरणे-तुर्भे बाजूला राहिली तरी घणसोलीला दहा-पंधरा मिनिटांत येते. अडतं ते डिपॉझिटपाशी. ती तुमच्या सोसायटीत चार घरी काम करते ना? चौघींनी मिळून डिपॉझिट उभं करा, आणि करार तिच्या नावाने करा. तिच्याच नावाने, तुमच्या नाही. अकरा महिन्यांचा तो करार म्हणजे या शहरातला तिचा पहिला पत्ता. त्यावर बँक हलते, मुलाची शाळा हलते, कोर्टाची नोटीस योग्य दारात येते. माझ्या हातून ज्या बायका उभ्या राहिल्या त्यातल्या बहुतेकींची सुरुवात निवारागृहातून नाही, अशा दोघींच्या खोलीतून झाली.

मुलांचं मात्र सगळ्यात आधी बघा. बाई निघणार असा संशय आला की नवरा एकच गोष्ट करतो: पोरगा गावी पाठवतो. मग ती मागे जातेच. पोलीसही "बापच आहे ना" म्हणून हात वर करतात. तेव्हा ती निघेल ती दोन्ही मुलं घेऊनच, आणि अर्जात २१ व्या कलमाखाली तात्पुरता ताबा पहिल्याच दिवशी मागेल. शाळेची काळजी नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. नवी मुंबई पालिकेच्या हिंदी माध्यमाच्या शाळाही आहेत. नव्या शाळेत मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, मुलाला न्यायला आईशिवाय कोणी आलं तर सोडू नका. रेशनचं धान्य, कार्ड गावचं असलं तरी, त्यावर तिचं नाव आणि आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात अंगठ्यावर तिला मिळू शकतं. दुकानदार टाळतो, दुसऱ्या दुकानात जा.

गावी पाठवायचं का, हा तुमचा राहिलेला प्रश्न. माहेर कसं आहे त्यावर आहे सगळं. आईशी तिला तुमच्या फोनवरून एकटीला बोलू द्या. आई "आ जा" म्हणाली तर ठीक. "भाईसे पूछती हूँ" म्हणाली तर भाऊ त्याच संध्याकाळी जावयाला फोन लावेल असं धरून चाला. जायचंच ठरलं तर निघण्यापूर्वी इथे घटना अहवाल भरून घ्या, मारहाण इथे झाली, साक्षीदार इथे आहेत. घरातून हाकललेली बाई जिथे आसरा घेते तिथेही छळाची तक्रार करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला, त्यामुळे मधुबनीला गेली म्हणून दार बंद होत नाही. तिकडे जाणाऱ्या गाड्या कल्याणला थांबतात. पण तिच्या गावचे निम्मे लोक त्याच फलाटावर असतात, हे लक्षात असू द्या. गाडीत अडचण आली तर १३९, रेल्वेची हेल्पलाइन.

जाता जाता दोन शब्द बांगला बोलणाऱ्या आणि नेपाळहून आलेल्या बायकांबद्दल, कारण त्याही तुमच्या आसपास कामाला असतील. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबाद-मालद्याची बाई पोलीस ठाण्याला नवऱ्याहून जास्त घाबरते. तक्रार करायला गेले आणि मलाच बांगलादेशी ठरवलं तर? अशा बाईला मी पहिल्यांदा ठाण्यात नेत नाही, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे नेते. नेपाळी बाईला १९५० च्या करारामुळे इथे राहायला आणि काम करायला मुभा आहे, पण ते तिला माहीत नसतं आणि नवरा मुद्दाम उलटं सांगतो.

आणि ती परत गेली तर? जाईल, अशी तयारी ठेवा. डिपॉझिट भरून, सिम घेऊन, महिनाभराने छठपूजेला नवरा रडत आला म्हणून गेली, असं होतं. माझ्या ओळखीतली एक बाई चार वेळा गेली आणि पाचव्यांदा कायमची आली. तिला सुरुवातीला मदत करणाऱ्या मॅडम तिसऱ्या वेळी चिडल्या आणि तिचं काम बंद केलं. पाचव्यांदा ती आली तेव्हा तिला त्या घराची बेल वाजवायचा धीर झाला नाही, रात्र तिने ऐरोली स्टेशनवर काढली, दोन पोरांसकट. तुम्ही चिडलात तरी तिचं काम बंद करू नका.

एक राहिलंच. बोलायचं कुठे? लिफ्टमध्ये नको, दारात नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तो मेसेज तोच वाचतो. काहीतरी कामाचंच वाक्य ठरवा. 'उद्या जाळ्या पुसायच्या आहेत, लवकर ये' म्हणजे आज बोलायचं आहे. ती आली की तिचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, कुकर चढवा आणि मग विचारा.